एकशे वीसच्या आत

०

ते यंत्र सुकेशनीने गंगाखेडात जनाबाईच्या मंदिराबाहेरच्या टपरीवर घेतलं होतं. नामजप मोजायचं. अंगठीसारखं बोटात घालायचं, अंगठ्याने बटण दाबायचं, की वरच्या इवल्याशा काचेत आकडा एकाने पुढे सरकतो.

"कुणाचं नाव घेता, ताई?" टपरीवाल्याने विचारलं होतं.

"वैजयंतीचं."

ही कुठली देवी ते त्याला कळलं नाही, पण त्याने भक्तिभावाने मान डोलावली आणि पाच रुपये कमी केले.

वैजयंती दहावीत होती. मोंढ्यातल्या भुसार दुकानदाराची पोरगी, डावखुरी, उंच, बोलायला कमी. मुलींच्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून टाकते. हात खांद्याभोवती रहाटासारखा एक पूर्ण फेरा घेतो आणि मांडीजवळ चेंडू सुटतो. बघणाऱ्याला वाटतं, यात काय. संघाला खेळ शिकवणाऱ्या सुकेशनीलाही वाटायचं. ती कॉलेजात खेळायची तेव्हा मागे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपला उभी असायची, पिचरची पाठ तेवढी बघितलेली.

मग दोन वर्षांपूर्वी संघात एक पिचर होती. एका दिवसात तीन सामने टाकले तिने, जिंकून दिले, सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. तोच हात पुढच्या पावसाळ्यात तिला डोक्याच्या वर नेता येईना. बाजारात भेटली तर वेणी आईने घातलेली. तिने काही म्हटलं नाही. तिच्या आईनेही नाही. सुकेशनीनेच रात्रभर मोबाइलवर वाचलं, दोन-चार जणांना फोन केले, आणि स्वतःचा एक नियम करून टाकला.

सरावात साठ चेंडू.
सामन्यात नव्वद.
एका दिवसात दोन सामने असले तर दोन्ही मिळून एकशे वीस. त्याच्यावर एक नाही.

नियम झाला आणि तिला झोप लागायला लागली. आता ती हे यंत्र बोटात घालून मैदानाच्या कडेने येरझारा घालायची. उभं राहणं तिला जमत नसे, बसणं तर नाहीच. पोरी म्हणायच्या, मॅडमच्या चपलेखाली हरळीसुद्धा उगवत नाही.

४१

बुधवारचा सराव. शनिवारी परभणीला जिल्ह्याची स्पर्धा, सकाळी उपांत्य, दुपारी अंतिम. आकडा ४१ वर असताना मैदानाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, हातात कापडी पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वैजयंतीची आत्या, बसम्मा. भावाचं घर तीच चालवते, हे गावाला माहीत होतं.

"मॅडम तुमीच का?"

"हो. बसा ना, मावशी."

"बसायला न्हाई आले. पोरीच्या हातावर लिंग ऱ्हाईना झालंय."

४२.

"म्हणजे?"

"सकाळी अंघोळ करून पूजेला बसतो आमी. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतंय. ही चार दिवस झाले, उजव्या हातावर घ्यायली. इचारलं तर म्हणती, कोणता बी हात एकच की, आत्या. एकच कसं असंल? आन् हे सगळं तुमच्या ह्या खेळापायी."

सुकेशनीच्या अंगठ्याने बटण दाबलं नाही. चेंडू पडत होते, सवितेच्या हातमोज्यात धप्प धप्प वाजत होते. सविता कॅचर. कुणाच्या हाताला काय लागलं, कुणाचा हात कशाला चालतो आणि कशाला चालत नाही, हे बोलणं सुकेशनीच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं. तिच्या गावी, चुडाव्याला, शाळेत, पाण्याच्या माठाजवळ. ते बोलणं कुठल्याही घरातून, कुठल्याही देवाच्या नावाने आलं तरी ती दुरून ओळखायची. आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते तिचं पाठ होतं.

"मावशी, खेळल्याने हात बाटत नसतो," ती म्हणाली.

बसम्माने तिच्याकडे बघितलं. 

"बाटायचं कोण म्हणालं?"

"नाही, तुमचं म्हणणं—"

"माझं म्हणणं तुमीच म्हणायल्या की." बसम्माने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ऱ्हाऊ द्या. शिकलेल्या बाईला म्या काय सांगावं."

ती गेली. सुकेशनीला आधी जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग दाताच्या फटीत काहीतरी अडकल्यासारखं. आकड्याकडे बघितलं तर ४२. मधले किती निसटले? तीन? पाच? तिने पाच धरले.

सराव संपल्यावर तिने वैजयंतीला बाजूला घेतलं. "घरी पूजा डाव्या हातावरच कर गं. उगी वाद कशाला?"

"हाव मॅडम," वैजयंती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

चेंडू गोळा करताना एकाच्या शिवणीत तागाचे तंतू अडकलेले दिसले. पोत्याचे असतात तसे. सुकेशनीने ते नखाने काढून टाकले आणि चेंडू पिशवीत घातला.

५८

शनिवार. परभणीचं मैदान, काळी माती, ऑक्टोबरचं ऊन. भेगांतून गरम वाफ येत होती.

सकाळी पंचांनी अडवलं. गळ्यात काही घालून खेळता येणार नाही. वैजयंतीने शर्टाच्या आत हात घालून लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली आणि ती सुकेशनीकडे बघायला लागली. सुकेशनी दहा मिनिटं भांडली. शेवटी औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी आणून डबी छातीशी चिकटवली, तेव्हा कुठे सामना सुरू झाला. ज्या आत्याला तिने बुधवारी घालवून दिलं, तिच्याच बाजूने आपण आज भांडतोय, हे तिच्या ध्यानात आलं. ती पुन्हा चालायला लागली.

उपांत्य सामना चार डावांतच आटपला. एवढा फरक की पंचांनी थांबवला. आकडा अठ्ठावन्न. सुकेशनीने यंत्र शून्यावर नेलं नाही. दिवस एकच होता.

जेवणाच्या सुट्टीत मुख्याध्यापक दिनकरराव आले. पांढरा सफारी, डोक्यावर रुमाल, हातात केळ्यांचा घड. पोरींना केळी वाटता वाटता त्यांनी सुकेशनीच्या बोटाकडे बघितलं.

"मॅडम, जप चालूच का?"

"अठ्ठावन्न झाले, सर. बासष्ट राहिले."

"अहो, खालून तर टाकायचं असतंय. क्रिकेटसारखं वरून थोडंच? आमच्या आयांनी रहाटानं पाणी वढलं उभा जन्म. कुणी मोजले का फेरे?"

"मोजायला पाहिजे होते, सर."

दिनकरराव हसले. माणूस वाईट नव्हता. मागच्या वर्षी मैदानाच्या जाळीसाठी त्यांनी स्वतः तहसीलात खेटे घातले होते. "बरं, तुमचं खरं. पण विभागाला जायचं यंदा. पोरीला दहावीत खेळाचे मार्क मिळतील, शाळेचं नाव होईल. एकशे वीसात बसवा म्हणजे झालं."

एकशे वीसात बसवा. सुकेशनीने मनात हिशेब केला. सात डाव, डावाला आठ-नऊ. बसतं.

वैजयंती सावलीत बसली होती. केळं सोलून सवितेने दिलं.

५९ ६० ६१

पहिला डाव. तीन चेंडू, एक बाद.

७४

चालणं. तिसऱ्या बेसच्या रेषेपर्यंत आणि परत. पंच म्हणाले, मॅडम, चौकटीत थांबा. ती चौकटीत चालायला लागली.

८३

दोन धावा दिल्या. चेंडू उंच सुटायला लागले. सविता उडी मारून झेलत होती. दर वेळी चेंडू परत फेकायच्या आधी ती क्षणभर सुकेशनीकडे बघायची. मग वैजयंतीकडे. मग फेकायची.

काय बघते ही?

८४ ८५ (वाइड) ८६ (वाइड) ८७

वैजयंतीने दोन चेंडूंच्या मध्ये डावा हात मांडीवर घासला. घाम असेल. पुन्हा घासला. घाम असेल.

१०६

सातव्या डावातली गंगाखेडची फलंदाजी संपली तेव्हा गंगाखेड चार, परभणीची शाळा तीन. आता उरली परभणीच्या पोरींची शेवटची फलंदाजी. तीन बाद केल्या की संपलं. आकडा एकशे सहा. चौदा शिल्लक.

पोरी बाकावर येऊन आदळल्या. कुणी पाण्याचा जार आडवा केला. वैजयंतीने आपली बाटली गुडघ्यांमध्ये धरली आणि उजव्या हाताने झाकण फिरवलं. उजव्याच हाताने तोंडाला लावली.

सुकेशनी चालता चालता थांबली.

डावखुरी पोरगी. लिहिते डाव्याने. बाटली, दप्तर, केळं, सगळं डाव्याने. आणि तो डावा हात आता मांडीवर उताणा पडला होता, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली. वर काहीतरी ठेवलंय आणि ते पडू नये, असा. बोटं थरथरत होती.

डावा तळहात. लिंग ऱ्हाईना झालंय.

ऱ्हाईना.

बसम्माने ते पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. सुकेशनीने पुढचं सगळं ऐकलं आणि तेवढं ऐकलं नाही.

"वैजू. हात पुढे कर."

"काय न्हाई मॅडम."

"डावा. पुढे कर."

वैजयंतीने हात पुढे केला. सुकेशनीने त्या तळव्यावर चेंडू ठेवला. "मूठ मिटू नको. नुसता धर."

चेंडू थरथरला. एक, दोन, तीन. वैजयंतीने दात ओठात रुतवले. चार. चेंडू करंगळीच्या बाजूने घरंगळला, आणि जमिनीला लागायच्या आत सवितेने तो झेलला. सवयीने. झेलल्यावर तिलाच रडू फुटलं.

"वैजे, सांगते बघ मी."

"गप गं."

"न्हाई. लय झालं आता." सविता सुकेशनीकडे वळली. "मॅडम, गोदामात टाकायली ती. रोज पहाटं."

न मोजलेले

मोंढ्यातल्या दुकानामागे गोदाम. नवं सोयाबीन येऊन पडलेलं, पोत्यांच्या थप्प्या छपरापर्यंत. मधल्या बोळीत एका टोकाला वैजयंती, दुसऱ्या टोकाला थप्पीला पाठ लावून सविता. वर एकच बल्ब. चुकलेला चेंडू पोत्यावर आदळायचा, धूळ उडायची, तागाचे तंतू शिवणीत अडकायचे.

"कधीपासून?"

"गणपती उठले तवापासून."

"किती?"

सविता वैजयंतीकडे बघायला लागली.

"किती गं?"

"दीडशे. कवा दोनशे. माझा बी पंजा सुजलाय, हे बघा." तिने हातमोजा काढला. तळवा जांभळा होता. म्हणून ती बघत होती. सांगू का नको, सांगू का नको, प्रत्येक चेंडूला.

गणपती उठल्यापासून. म्हणजे चोवीस दिवस. नाही, पंचवीस. दीडशे गुणिले पंचवीस. अधिक मैदानावरचे साठ. अधिक बुधवारचे निसटलेले. पाच धरले होते की तीन? सुकेशनीला गुणाकार पुरा करता येईना. दीडशे गुणिले वीस तीन हजार, आणि पुढे आकडे बोटांतून सुटत होते. बोटात ते यंत्र होतं. त्याच्यावर एकशे सहा.

"कशाला पण?" तिने वैजयंतीला विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला.

"तुमीच साठाच्या वर टाकू देईनात. साठात काय येतंय, मॅडम? ह्या परभणीच्या पोरी दिवसभर टाकायल्या. मागच्या साली शेवटचा चेंडू माझाच बाहेर गेला. तुमी इसरल्या असाल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी मोजलं असतं."

१०६, अजून

दिनकरराव बाकापाशी आले होते. त्यांनी ऐकलं होतं, निदान अर्धं. रुमाल डोक्यावरून काढून ते मान पुसायला लागले.

"मॅडम, झालं ते झालं. संध्याकाळी नेऊ डॉक्टरकडं. मी स्वतः नेतो. पण आता चौदा चेंडू राहिलेत."

"सर, तिच्या हातात चेंडू राहीना."

"टाकताना राहतोय की. आत्ता सहा डाव टाकले ना? आणि हे बघा, नियम माझा न्हाई. तुमचा हाय. एकशे वीस. तुमच्या बोटात एकशे सहा दिसायलेत. तुमच्याच आकड्यानं तिला अजून चौदा हायत."

खरंच होतं. तिच्याच आकड्याने. महिनाभर ती ह्याच आकड्याच्या भरवशावर निवांत झोपली होती. हाच आकडा बघून मघाशी तिने सात डाव बसवले होते.

पंचांनी शिट्टी वाजवली.

"टाकते मी," वैजयंती उठली. "चौदाच. त्याच्यावर एक न्हाई, मॅडम. तुमची शपथ."

"बस."

"मग कोण टाकणार? राजेश्री?"

राजेश्री बाकाच्या टोकाला होती. नववीतली, बुटकी, उजव्या कोपऱ्यात उभी राहणारी. कागदावर दुसरी पिचर. सरावात तिच्या वाट्याला दहा-बारा चेंडू यायचे, तेही उजेड गेल्यावर. एका हाताला जपण्यात सुकेशनी एवढी गुंतली होती की दुसरा हात तयार करायचा राहूनच गेला होता. आपलं नाव ऐकून राजेश्रीने केळ्याचं साल हातातच घट्ट धरलं.

"वैजू," सुकेशनी म्हणाली, "आज सकाळी वेणी कुणी घातली तुझी?"

वैजयंतीने बाटली पुन्हा उचलली.

"कुणी घातली?"

"आत्यानं."

"तुझी तू घालायचीस ना?"

"आज घाई होती."

"काल?"

वैजयंतीने तोंड फिरवलं. मानेवरची वेणी सरळ, घट्ट, तेल लावून चोपडलेली. दुसऱ्या कुणाच्या हातची. सुकेशनीने सकाळपासून ती दहा वेळा बघितली होती.

ती पंचांकडे गेली. या वेळी चालत नाही, धावत. मागे दिनकरराव "मॅडम, मॅडम" करत राहिले. "पिचर बदल," ती म्हणाली. "राजेश्री टाकेल."

"आणि ती डावखुरी? ती कुठं खेळणार?"

"ती बसेल."

पंचांनी लिहून घेतलं. परभणीच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. सुकेशनीने मागे वळून बघितलं नाही, पण वैजयंतीची बाटली जमिनीवर आपटल्याचा आवाज तिला आला. उजव्या हाताने आपटली असणार.

बटण न दाबता

राजेश्रीचा पहिला चेंडू सवितेच्या डोक्यावरून गेला. दुसरा तिच्या पायापाशी मातीत. चार वाइड, पहिली पोरगी फुकटात बेसवर.

"मॅडम, कुठं टाकू?" राजेश्रीने तिथूनच विचारलं. प्रेक्षक हसले.

"सवितेच्या नाकावर टाक," सुकेशनी म्हणाली. "तिला चालतंय."

सविताही हसली, सुजलेला पंजा हातमोज्यात घालून. पुढची पोरगी बाद. तिच्या पुढची फुकटात. मग एक उंच फटका, मधल्या पोरीने मागे पळत जाऊन झेलला. दोन बाद, दोघी बेसवर, एक धाव पुढे. सुकेशनीचा अंगठा आपोआप हलत होता, हवेत, बटणाच्या बाजूला.

मग तो चेंडू. राजेश्रीने पहिल्यांदाच मधोमध टाकलेला, सरळ, नीट, टाकायला सांगितला होता अगदी तसा. म्हणूनच परभणीच्या पोरीला तो नीट दिसला. काळ्या मातीवर एक टप्पा, भेगेत लागून दिशा बदलली, दुसऱ्या बेसच्या बाजूने पार. दोघी धावत घरी आल्या.

पाच-चार.

राजेश्री तिथेच उभी राहिली. पुन्हा चेंडू मिळणार आहे असं तिला वाटत होतं. सुकेशनी मैदानात जाऊन तिला घेऊन आली.

परतताना

क्रूझरमध्ये अकरा पोरी, दोन बॅगा, हेल्मेटचं पोतं. दिनकरराव आपल्या मोटारसायकलवर आधीच निघून गेले होते. जाताना ते एवढंच म्हणाले, "तुमच्याच आकड्यात होती ओ ती." रागाने नाही. त्याचंच सुकेशनीला जास्त लागलं.

वैजयंती सगळ्यात मागे, दाराकडे तोंड करून.  गंगाखेड आलं. मोंढ्याच्या कोपऱ्यावर ती उतरली, बॅग उजव्या खांद्याला लावली आणि निघून गेली.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बघितलं. हाड शाबूत. खांद्याच्या पुढची शीर सुजलेली. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही, रोज थोडा वेळ हात नुसता पुढे धरायचा. मग बघू.

म्हणजे काय होणार, सुकेशनीने विचारलं.

मग बघू, डॉक्टर म्हणाले.

पुन्हा ०

सोमवारी पहाटे ती मोंढ्यात गेली. दुकानाच्या बाजूच्या दारातून बसम्मा अंगणात सडा टाकत होती.

"मावशी, बुधवारी तुम्ही हाताचं सांगायला आला होतात."

"मग कशाचं सांगायला येईन? ते खाली पडलं असतं म्हंजी? लिंग पडावं आन् माणूस निवांत ऱ्हावं, असं न्हाई आमच्यात. म्या रोज माझा हात खाली धरून बसायले. पोरीचं काय दुखायलंय ते पोरगी सांगंना. म्हणलं, मॅडमला ठावं असंल." तिने बादली खाली ठेवली. "तुमी तर बाटायचंच काढलं. माझ्या तोंडात तरी होतं का ते?"

"नव्हतं."

"असं ऐकायला कुणी शिकवलं तुमाला?"

 सांगायचं म्हटलं तर चुडाव्याच्या माठापासून सुरुवात करावी लागली असती.  दारातून बाजूला होत बसम्मा म्हणाली, "चपला तितंच काढा. आत या. आत्ता बसायलीच ती."

आतल्या खोलीत वैजयंती पाटावर बसली होती. ओले केस मोकळे, कपाळाला विभूती. मॅडमला बघून तिचा चेहरा जागच्या जागी बंद झाला. तिने डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, नजर त्याच्यावर लावली. बसम्मा शेजारी टेकली आणि आपला ओंजळीसारखा हात पोरीच्या हाताखाली धरून राहिली. वर न बघता ती सुकेशनीला म्हणाली, "मोजा तुमी. मोजायची हौस हाय ना?"

सुकेशनीने यंत्र शून्यावर आणलं. सेकंदाला एक.

नऊला हात थरथरला. बसम्माने लिंग अलगद उचलून उजव्या तळव्यावर ठेवलं. "देव समजून घेतो," ती म्हणाली, "पर डॉक्टर न्हाई घेणार. उद्या पुन्हा डावा."

मंगळवारी सात. बुधवारी चौदा. गुरुवारी अकरा. वैजयंती तिच्याशी एक शब्द बोलत नव्हती. पूजा झाली की उठून आत जायची. गोदामाला आता मोठं कुलूप होतं आणि त्याची किल्ली बसम्माच्या जुडग्यात. रोज निघताना बसम्मा चहा द्यायची. सुकेशनी तो उभ्यानेच प्यायची. रोज तिला वाटायचं, उद्या यायचं नाही. आपण येऊन काय होतंय? रोज पहाटे साडेपाचला ती मोंढ्यात असायची.

बाराव्या दिवशी आकडा सव्वीसवर गेला. सत्तावीस. अठ्ठावीस. हात स्थिर होता.  एकोणतीस. तीस.

"मॅडम," वैजयंती म्हणाली. नजर लिंगावरून न हलवता, ओठ जेमतेम हलवत. "बटनाचा आवाज यायलाय. पूजा चालू हाय."

"हो. हो."

सुकेशनीने यंत्र बोटातून काढलं. कुठे ठेवावं ते कळेना, पर्समध्ये टाकलं. आता हातांचं काय करायचं तेही कळेना. ती मनात मोजायला लागली, पण तीसच्या पुढे एकतीस म्हटलं की नाही याचा घोळ झाला, आणि मग सगळेच आकडे एकमेकांत गेले. समोर तळहात होता. त्याच्या वीतभर खाली बसम्माचा. थरथर सुरू झाली तेव्हा किती झाले होते ते तिघींतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर उजाडत होतं. मैदानावर राजेश्री थांबली असेल. आज तिचे तीस चेंडू.

"चहा?" बसम्माने विचारलं.

"उद्या घेते," सुकेशनी म्हणाली. दारात तिने घाईघाईने उजव्या पायात डावी चप्पल घातली, मग काढली.

आतून वैजयंतीचा आवाज आला. "तिला म्हणावं, मनगट सैल ठेव. राजेश्रीला."